आरओ जोडताना टेप, नळी आणि दाब
आधी पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण मोजा. लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर आरओ सहसा लागत नाही. खाजनालगतच्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीजवळच्या) खारट विहिरीच्या पाण्याला मात्र तो हवाच. मुख्य कॉक बंद करून सिंकच्या अँगल कॉकवर डायव्हर्टर व्हॉल्व्ह (आरओकडे पाणी वळवणारी झडप) बसवा. आट्यांवर टेफलॉन टेप घड्याळाच्या दिशेने ५-६ वेढे गुंडाळा. उलट गुंडाळलेली आवळताना सुटते आणि पाणी झिरपत राहतं. पाव इंची नळी सरळ कापा, तिरकी कापलेली फिटिंगमध्ये नीट बसत नाही. बैठ्या घरात पाण्याची टाकी जेमतेम ३ मीटर उंचीवर, म्हणजे दाब चौरस सेंटिमीटरला ०.३ किलोच. त्यात प्री-फिल्टर (आरओआधीची गाळणी) तुंबला की पाणी कमी पडून आरओचा पंप थांबतो. रिजेक्ट नळीचं (आरओने टाकून दिलेलं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचं) टोक सांडपाण्यात कधीच बुडवू नका. आरओची पहिली भरलेली टाकी ओतून द्या.