युरोपातील पत्रात 'फॅब्रिक' कसे वाचावे

सोलापुरातून टॉवेल आणि चादरींच्या व्यवहारासाठी युरोपशी पत्रव्यवहार करणाऱ्याने 'फॅब्रिक' या शब्दाची आधी नीट ओळख करून घ्यावी. इंग्रजीत तो कापडासाठी आहे. परंतु जर्मन पत्रात 'फाब्रिक', स्पॅनिशमध्ये 'फाब्रिका' किंवा इटालियनमध्ये 'फाब्ब्रिका' आढळल्यास तेथे कापड नव्हे, तर कारखाना अभिप्रेत असतो. मूळ लॅटिन शब्दात कारागिराची कार्यशाळा आणि त्याचे काम हे दोन्ही अर्थ होते; या भाषांनी कामाची जागा धरून ठेवली, तर इंग्रजीने तेथून बाहेर पडणारी वस्तू उचलली.

आपल्याला हे नवे वाटू नये. 'अवसर' म्हटले की मराठीत संधी, कन्नडमध्ये घाई आणि तेलुगूत 'अवसरम्' म्हणजे गरज, हे तिन्ही अर्थ सोलापुरात एकाच गल्लीत ऐकू येऊ शकतात.

म्हणून शब्द एकटा वाचू नये, त्याचे शेजारी पाहावेत. जर्मन दरपत्रकात 'आब फाब्रिक' असे लिहिलेले असेल, तर तो दर कारखान्याच्या दारातला असतो. पुढची वाहतूक त्यात धरलेली नसते, आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक इथेच होते. कापडच म्हणायचे असेल, तर जर्मनमध्ये 'श्टोफ', इटालियनमध्ये 'तेस्सुतो', स्पॅनिशमध्ये 'तेला' लिहावे, आणि सोबत कापडाचा नमुना व जीएसएम (दर चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन) अवश्य जोडावा.