टीईटी की सरप्लस? आधी तुमचं टेन्शन नेमकं कशाचं ते बघा

स्टाफरूममध्ये सध्या दुसरा विषयच नाही, डबा उघडायच्या आधी कुणीतरी मोबाईलवर जीआर उघडतं आणि मग ज्याला जो हवा तो अर्थ. त्यापेक्षा एक करा, सरप्लसची (म्हणजे शाळेत जादा, अतिरिक्त शिक्षक ठरण्याची) भीती आणि टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षेची) भीती वेगवेगळी धरा, कारण दोन्हीची कामं वेगळी आहेत.

सरप्लसचं सगळं पटावर, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या संख्येवर. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला शिक्षकांच्या किती पोस्ट ते ठरवताना, 30 सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यातही आधार व्हॅलिड असलेलीच मुलं, म्हणजे दाखल्यावर ओंकार आणि आधारवर नुसता ओम असेल तर ते पोरगं वर्गात बसून पण मोजलं जात नाही. पुण्यात पेठेतल्या मराठी शाळांत आधीच पट कमी, तिथे दोन-चार मुलांनी एक पोस्ट जाते. म्हणून ऑगस्टमध्येच क्लार्कशेजारी बसून आपल्या वर्गाची नावं जुळवा, पालकांना फोन तुम्हीच करा. पोस्ट गेली की सरप्लस कोण ते सेवाज्येष्ठता यादीवरून ठरतं, म्हणून ती सहीला आली की "द्या इकडे" म्हणून सही ठोकू नका हो, नेमणुकीची तारीख बघा, डीएड-बीएडची नोंद बघा, चूक असेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. अनुदानित शाळेत सरप्लस झालात म्हणजे लगेच घरी बसलात असं नसतं, दुसऱ्या शाळेत समायोजन होतं, फक्त शाळा लांबची मिळू शकते.

टीईटीचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाचा 1 सप्टेंबर 2025 चा निकाल असा, की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्यांची तेव्हा 5 वर्षांपेक्षा जास्त नोकरी राहिली होती त्यांनी 2 वर्षांत पास व्हायचं, कमी राहिली असेल तर नोकरी चालू पण प्रमोशन हवं तर परीक्षा द्या. अल्पसंख्याक शाळांचा मुद्दा मोठ्या बेंचकडे पाठवलाय.

पेपर 150 मार्कांचा, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, ओपनला 90 लागतात. भाषा, परिसर तुम्ही रोज शिकवता, अडतं ते बालमानसशास्त्रात. उंच ग्लासात पाणी जास्त आहे असं म्हणणारं पोरगं आपण शंभरदा बघितलेलं असतं, मानसशास्त्रज्ञ पियाजेने सांगितलेली बालविकासाची अवस्था कोणती विचारलं की गाडी अडते. अप्पा बळवंत चौकातून जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच आणा आणि आधी हाच भाग सोडवा.

नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाने टीईटी काढलेलीच असते, त्याच्याकडे नोट्स मागणं वीस वर्षं झालेल्या मॅडमना जड जातं, पण मागा, बदल्यात चौथीचा वर्ग गप्प कसा बसवायचा ते त्याला सांगा, तो बिचारा तेच शोधत असतो.