कॅप्स्टन: वेढे किती, टोक कोणाच्या हाती

कॅप्स्टन म्हणजे उभ्या आसाभोवती फिरणारा ढोल. आस आडवा असला की त्याला विंडलास म्हणतात. उभ्या आसामुळे दोर कुठल्याही दिशेने आला तरी ढोलाला चालतो, म्हणून जहाजाच्या डेकवर आणि बंदराच्या धक्क्यावर तो सोयीचा पडतो. दोर त्यावर साठवत नाहीत. भाराचा दोर एका बाजूने येतो, काही वेढे घेतो आणि मोकळे टोक दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. ते टोक धरणाऱ्याच्या हातात सगळे काम असते.

पकड घर्षणाची असते आणि प्रत्येक वेढ्यागणिक ती पटीत वाढते. घर्षणांक (दोर आणि ढोल यांच्यातल्या घर्षणाचे माप) ०.२५ असेल, तर एका वेढ्यात हाताच्या ओढीच्या सुमारे ५ पट भार तोलला जातो, दोन वेढ्यांत २३ पट आणि तीन वेढ्यांत १११ पट. म्हणजे दोन टनांचा ताण तीन वेढ्यांवर जेमतेम १८ किलोच्या ओढीने धरता येतो. पण दोर गुळगुळीत असला आणि घर्षणांक ०.१ वर आला, तर त्याच तीन वेढ्यांत फक्त साडेसहा पट मिळतात आणि हाताला तीनशे किलो ओढावे लागतील! ते कोणालाच जमणार नाही. म्हणून खरखरीत दोराला तीन वेढ्यांपासून सुरुवात करावी, गुळगुळीत कृत्रिम दोराला चार-पाच घ्यावेत. ढोलाला रंग किंवा ग्रीस लागू देऊ नये. सगळी पकड त्या पृष्ठभागावर आहे.

दोर घालण्याआधी ढोल रिकामा फिरवून दिशा पाहून घ्या. वेढे त्याच दिशेने घाला. भाराचा दोर ढोलाच्या तळाशी यायला हवा, पुढचा प्रत्येक वेढा त्याच्या वर बसायला हवा आणि मोकळे टोक वरून निघायला हवे. दोर वरून, तिरका येत असेल तर तो आधीच्या वेढ्यावर चढतो आणि त्याला दाबून धरतो. हा चढलेला वेढा सगळ्यात त्रासदायक, कारण मग टोक सोडले तरी दोर सुटत नाही. तेव्हा मार्गदर्शक रोलर योग्य उंचीवर आहे का, हे आधी बघा.

ओढताना टोक धरणाऱ्याने ढोलापासून किमान एक मीटर लांब उभे राहावे. दोर हाताला किंवा मनगटाला गुंडाळू नये, पाय दोराच्या कड्यात नसावा. आलेला दोर लगेच मागे घेत राहावे. टोक ढिले पडले की ढोल नुसता फिरतो आणि दोर जागच्या जागी घासतो. सुती-तागी दोर थोडा घसरला तरी निभावतो, पण पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सियसला वितळते. वितळलेला पृष्ठभाग ढोलाला चिकटतो आणि मग दोर हिसके देत सुटतो. म्हणून कृत्रिम दोर घसरवून ढील देऊ नये. यंत्र उलटे फिरवून द्यावी. ताणलेल्या दोराच्या रेषेत आणि त्याच्या वळणाच्या आतल्या बाजूला कोणीही थांबू नये. तुटलेला नायलॉनचा दोर उलटून येतो तेव्हा बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

वेढा चढलाच, तर यंत्र थांबवा, बोटे लावू नका. भाराच्या बाजूला, ढोलाच्या पुढे, दुसरी दोरी, म्हणजे रोधदोरी, आवळून बोलार्डला (दोर बांधायच्या भक्कम खुंटाला) बांधा. मग यंत्र हळू उलटे फिरवा, ताण त्या दोरीवर जाऊ द्या आणि ढिला झालेला वेढा काढा. जहाज धक्क्याला लागल्यावरही हाच क्रम: आधी रोधदोरीवर भार, मग ढोलावरून वेढे काढून बोलार्डवर आठच्या आकड्यात गुंडाळणे. जहाज कॅप्स्टनवरच बांधून ठेवू नये. ढोल ओढण्यासाठी असतो, रात्रभर धरून ठेवण्यासाठी नव्हे.

जुन्या शिडाच्या जहाजांवर ढोलाच्या माथ्यावरच्या खाचांत लाकडी दांडे बसवून माणसे गोल फिरत. आसापासून दांडा ढकलण्याच्या जागेचे अंतर २.४ मीटर आणि ढोलाची त्रिज्या ०.३ मीटर असेल तर जोर आठपट होतो. बारा जणांनी प्रत्येकी २० किलोचा जोर लावला की कागदावर १,९२० किलो. घर्षणात त्यातला बराच भाग जाई. तळाशी उलट फिरणे अडवणारे खटके असत. खटका निसटला की भार ढोल उलटा फिरवी आणि दांडे माणसांना उडवून देत. म्हणूनच दांड्यांची बाहेरची टोके एका दोरीने एकमेकांना बांधत, म्हणजे दांडा खाचेतून निसटत नसे. मोठ्या जहाजांचा नांगराचा दोर इतका जाड असे की तो ढोलाला गुंडाळता येत नसे. मग ढोलावर एक वेगळा, अखंड फिरणारा दोर घालत आणि नांगराचा दोर त्याला आखूड दोऱ्यांनी जागोजागी बांधून आत ओढत.

जमिनीवरही हेच तत्त्व वापरतात: रेल्वे यार्डात डबे हलवायला, किनाऱ्यावर होड्या वर ओढायला, पाइपातून विजेची केबल ओढायला. केबलसाठी ताणल्यावर न लांबणारा दोर घ्या, कारण लांबलेला दोर हिसक्याने केबल पुढे खेचतो. वळणावर केबलला वंगण लावा, ढोलावरच्या दोराला मात्र ते लागू देऊ नका.