दूध उकळलं तरी ॲलर्जी जात नाही: या चुका टाळा

‘त्याला दूध बाधतं’ हे आपण इतक्या सहज बोलतो की नेमकं काय बाधतं हे कुणी विचारत नाही. गोंधळ तिथेच सुरू होतो. दूध प्यायल्यावर पोट गुबारणं, गॅस, जुलाब हे बहुधा लॅक्टोज न पचल्यामुळे होतं. लॅक्टोज ही साखर आहे आणि रोगप्रतिकारशक्तीचा इथे काही संबंध नाही. ॲलर्जी होते ती प्रथिनांची. त्यामुळे ॲलर्जी असलेल्या मुलाला लॅक्टोजमुक्त दूध दिलं, तर गुन्हेगार पेल्यातच राहतो.

प्रतिकारशक्ती ‘दूध’ ओळखत नाही. ती प्रथिनाचा एक चिमुकला भाग ओळखते, त्याला एपिटोप म्हणतात. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत साधारण 80 टक्के केसिन आणि 20 टक्के व्हे प्रथिनं असतात. ॲलर्जी असलेल्या मुलाच्या शरीरात या भागांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं (शत्रू ओळखणारी प्रथिनं) तयार होतात आणि मास्ट पेशींवर, म्हणजे ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशींवर, जाऊन बसतात. पुढच्या वेळी दुधातल्या प्रथिनाचा एकच रेणू शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांत अडकला की ती पेशी हिस्टामिन हे सूज आणणारं रसायन ओतते. मग काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलटी होते.

‘मागच्या वेळी तर काहीच झालं नव्हतं’ या वाक्यावर म्हणूनच विसंबू नका. आधी प्रतिपिंडं बनावी लागतात, लक्षणं त्यानंतर येतात. गांधी उठल्या की ‘पित्त उठलं’ म्हणून आमसुलाचं पाणी चोळणारी घरं मी पाहिली आहेत. आमसुलावर माझा राग नाही. पण सोबत घशात घरघर, खोकला, वारंवार उलट्या किंवा गळून जाणं असेल, तर ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी ॲलर्जी, असू शकतं. तिथे मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन हाच पहिला उपाय. ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघण्यात मोलाची मिनिटं जातात.

आता उकळण्याबद्दल. चिकाचं दूध वाफवलं की खरवस होतो, कारण त्यातली भरपूर व्हे प्रथिनं उष्णतेने उलगडून एकमेकांना चिकटतात. उलगडलं की त्यांचा मूळ आकार मोडतो आणि आकारावरून ओळखणारी प्रतिपिंडं फसू शकतात. केसिन मात्र मुळातच सैल धाग्यासारखं असतं. त्याची ओळख आकारावर कमी आणि अमिनो आम्लांच्या क्रमावर जास्त अवलंबून असते. उकळल्याने हा क्रम बदलत नाही. पिठात मिसळून साधारण 180 अंशांना अर्धा तास भाजलेला केक बऱ्याच मुलांना चालतो हे खरं. पण आपलं मूल त्यांपैकी आहे का, याची परीक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी, आजीच्या स्वयंपाकघरात नव्हे.

शेळीचं दूध ‘हलकं’ असतं, हा समज तर धोक्याचाच. शेळीचं केसिन गाईच्या केसिनशी इतकं मिळतंजुळतं असतं की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तेही सोसत नाही. म्हशीच्या दुधाची गत तीच. ए-टू दुधाचं कौतुक करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: ए-वन आणि ए-टू या दोन प्रकारच्या दुधांमधला नेमका फरक बीटा-केसिन या एका केसिनच्या 67व्या जागेवरच्या एका अमिनो आम्लाचा आहे. बाकी सगळी ओळखचिन्हं जागच्या जागी असतात. बाळांसाठीच्या एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड फॉर्म्युल्याची गोष्ट वेगळी. त्यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की दोन प्रतिपिंडांना एकदम धरणारा तुकडा सहसा उरत नाही. तरीही एखाद्या बाळाला तोही सोसत नाही, म्हणून डब्याची निवड डॉक्टरांवर सोडा.

चाचण्यांच्या कागदावर आंधळा विश्वास नको. आयजीई पॉझिटिव्ह म्हणजे प्रतिपिंडं आहेत इतकंच. मूल रोज दही-भात मजेत खात असेल, तर कागद बघून दूध तोडू नका. आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या महागड्या पॅनेलवर तर पैसे घालवूच नका, त्यातून ॲलर्जीचं निदान होत नाही. उलट, काही बाळांत त्रास आयजीईशिवाय होतो, तासांनी किंवा दिवसांनी: शौचात रक्त, सततच्या उलट्या. तिथे चाचणी निगेटिव्ह येते आणि घरचे निर्धास्त होतात.

घरात लपलेल्या दुधाकडेही बघा. तुपात प्रथिनांचा अंश राहू शकतो. देवळातलं तीर्थ बऱ्याचदा पंचामृतच असतं. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या क्रीमरमध्ये सोडियम केसिनेट, म्हणजे दुधातलंच केसिन, असू शकतं. वेष्टित पदार्थांवर दुधाचा उल्लेख करणं भारतीय नियमांनुसार बंधनकारक आहे, तेव्हा पुडा फोडण्याआधी तो वाचा. मिठाईच्या दुकानात मात्र विचारण्यावाचून गत्यंतर नाही, कारण काजूकतलीचा चमचा तिथे पेढ्यांच्या ताटातही फिरलेला असतो.