लष्कराच्या लिलावातला ट्रक नाशिकमध्ये पासिंग करताना

बोली लावण्याआधी लॉटचा तपशील वाचा. ‘स्क्रॅप’ म्हणून विकलेला ट्रक रस्त्यावर आणण्यासाठी घेऊच नका. 1 एप्रिल 2023 पासून, चिलखती आणि खास लष्करी कामाची वाहनं सोडली तर, 15 वर्षांवरची सरकारी वाहनं स्क्रॅप केंद्रातच जातात. म्हणून उत्पादनाचं वर्ष आधी बघा.

सगळा जीव फॉर्म 21 मध्ये आहे: लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं विक्री प्रमाणपत्र, तेही मूळ. त्यावरचे चॅसी आणि इंजिन नंबर ट्रकवर अंक न अंक ताडून घ्या. लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिन बदललेलं असू शकतं आणि कागदावर जुनाच नंबर राहतो. ही दुरुस्ती ताबा घेतानाच करून घ्या, नंतर नुसते हेलपाटे. चॅसी नंबरावरचा रंग खरवडू नका, थिनरने पुसा. अंक झिजले तर आरटीओला लागणारी त्यांची पेन्सिलीची छाप कागदावर उमटत नाही.

ऑलिव्ह हिरवा रंग कितीही आवडला तरी बदलावाच लागतो, केंद्रीय मोटार वाहन नियम 121 प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याचा. बाणाची जुनी लष्करी नंबरपाटीही काढा.

मग विमा, फॉर्म 20 (नोंदणीचा अर्ज), शुल्क, कर आणि पेठ रोडच्या आरटीओत तपासणी. मालवाहू नोंदणीला फिटनेस प्रमाणपत्रही लागतं. एमएच 15 चा नंबर त्यानंतर.