मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पेपर्ड कोरी सांभाळताना

राखाडी अंगावर काळसर ठिपके असलेला, जेमतेम सात सेंटिमीटरचा कोरिडोरस पॅलिएटस हा मासा दुकानात ‘पेपर्ड कोरी’ म्हणून मिळतो. चार्ल्स डार्विन यांनी बीगल जहाजाच्या सफरीत गोळा केलेल्या नमुन्यांवरून १८४२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. तो दक्षिण अमेरिकेतील पाराना नदीच्या खालच्या खोऱ्यातला आणि उरुग्वेच्या बाजूचा, म्हणजे मुळात थंडी सोसणारा. त्याला १८ ते २४ अंश सेल्सियस पाणी मानवते. परभणी-नांदेडकडे खरेदी म्हणूनच दिवाळीनंतर करावी, चैत्रात कदापि नाही. आपल्या हिवाळ्यात त्याला हीटरची गरज सहसा पडत नाही.

किमान सहा मासे एकत्र ठेवावेत आणि त्यांच्यासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकी घ्यावी. तळाला टोकदार रंगीत खडी घातल्यास माशांच्या तोंडाजवळच्या मिशा झिजतात. त्याऐवजी नदीची बारीक वाळू चाळून, घमेल्यात पाणी नितळ येईपर्यंत धुऊन, तीन-चार सेंटिमीटर पसरावी. मूठभर वाळूवर आधी लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर तीत चुना आहे, आणि बोअरचे पाणी आधीच जड असताना त्यात आणखी भर नको. बारीक वाळूत मासा डोळ्यांपर्यंत तोंड खुपसतो आणि कल्ल्यांतून वाळूची बारीक धार सोडतो. हे एकदा पाहिले की खडीचा मोह आपोआप सुटतो.

खरी कसोटी एप्रिल-मेची. टाकी घराच्या आतल्या, पश्चिमेच्या भिंतीपासून दूरच्या खोलीत जमिनीलगत असावी. झाकण काढून जाळी बसवावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोट्या पंख्याचा वारा सोडावा. आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, पावसाळी दमट हवेत मात्र हा उपाय फारसा चालत नाही. उडून गेलेल्या पाण्याचे क्षार टाकीतच राहत असल्याने रोजची तूट आरओच्या जारमधील पाण्याने, तेही थोडे थोडे ओतून, भरावी. टँकरचे पाणी क्लोरीन काढल्याशिवाय वापरू नये. वीज जाते तेव्हा बॅटरीवरचा एअरपंप लागतोच. मासा अधूनमधून वर येऊन हवा गिळतो, ती त्याची आतड्यातून श्वास घेण्याची रीतच आहे. पण सगळेच वारंवार वर धावू लागले तर पाण्यातला ऑक्सिजन घटला असे समजावे.

‘टाकी साफ करणारा मासा’ म्हणून त्याला उष्ट्यावर ठेवण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. दिवा मालवल्यावर तळाशी बुडणाऱ्या गोळ्या द्याव्यात. पकडताना जाळीऐवजी वाटी वापरावी, कारण परांचे ताठ काटे जाळीत अडकतात.

पौष-माघात थोडे गार पाणी बदलले की मादी काचेवर अंडी चिकटवते. मोठे मासे ती खातात. म्हणून जुन्या एटीएम कार्डाने अलगद खरवडून, एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावलेल्या वेगळ्या भांड्यात ठेवावीत.