पावसाळ्यात कोकणाच्या वाटेवर अडचणींची साखळी कशी तोडावी

गणपतीच्या तोंडावर मुंबई-पुण्याहून गाडीने कोकणात निघालेल्यांच्या वाट्याला पाऊस ही एकच अडचण आली, असे क्वचितच घडते. पेणच्या पुढे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात टायर फुटतो, तो बदलण्यात तासभर जातो, तेवढ्यात अंधार पडतो, अंधारात घाटातले धुके लागते आणि घाट उतरून खाली यावे तर नदीचे पाणी रस्त्यावर आलेले असते. घरी पोहोचल्यावर आपण या सगळ्याला नशीब म्हणतो. पहिली अडचण पुष्कळदा खरोखरच नशिबाची असते, परंतु दुसरी आणि तिसरी बहुधा पहिलीने खाल्लेला वेळ भरून काढण्याच्या धडपडीतून येते, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे या प्रवासाची तयारी करताना पाऊस टाळण्यापेक्षा ही साखळी कोठे आणि कशी तोडायची, याचा विचार आधी करावा.

अंदाज कोठला पाहावा

भारतीय हवामान विभाग जिल्हावार इशारे रंगांत देतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे प्रत्यक्ष कृती करा. विभागाच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढचा पाऊस ‘जोरदार’, ११५.६ पासून पुढचा ‘अति जोरदार’ आणि २०४.४ मिलिमीटरच्या वरचा ‘अत्यंत जोरदार’ ठरतो. लाल इशाऱ्याच्या दिवशी रायगड किंवा रत्नागिरी जिल्ह्यातून जाण्याचा बेत सरळ पुढे ढकलावा. त्यावर चर्चेची गरज नाही.

बहुतेक जण इथवर पाहतात आणि थांबतात. कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या आहेत, त्यामुळे आपण ज्या गावातून जाणार तिथल्या पावसापेक्षा त्या गावाच्या डोक्यावरच्या घाटमाथ्यावर काय पडत आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि महाडला येते. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि त्याच सुमारास महाड पाण्याखाली गेले. त्याच २२ जुलैला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचा महापूर आला आणि महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. वाशिष्ठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कोयनेच्या पाण्यावर वीज तयार झाल्यावर ते पाणी पश्चिमेकडे याच नदीत सोडले जाते.

तिसरी गोष्ट भरतीची. सावित्रीचे पाणी बाणकोटच्या आणि वाशिष्ठीचे दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. समुद्राला भरती असली की पुराचे पाणी ओसरायला वाट मिळत नाही आणि ते मागे तुंबते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. गणेशचतुर्थी अमावास्येनंतर चौथ्या दिवशी येते, म्हणजे चाकरमान्यांची सगळ्यात मोठी रीघ नेमकी उधाणाच्या दिवसांत महामार्गावर असते. भरतीच्या वेळा मोबाइलवर मिळतात. नेटवर्क नसेल तेव्हा मात्र किनाऱ्यावरचा जुना हिशेब वापरावा. तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन, आणि ही वेळ दिवसा तशीच रात्रीही येते. मुसळधार पावसात महाड किंवा चिपळूण ओलांडायचे असेल, तर या वेळेच्या आधीचे आणि नंतरचे काही तास टाळावेत.

मार्ग आणि मुक्काम आधीच ठरवावेत

मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक १७ आणि आताचा ६६, हा एकच रस्ता डोक्यात ठेवून निघू नये. पुणे-सातारा बाजूने कराडला येऊन कुंभार्ली घाटाने चिपळूणला, कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीकडे, फोंडा घाटाने कणकवलीला आणि आजऱ्याहून आंबोलीने सावंतवाडीला उतरता येते. वरंधा घाट पावसाळ्यात वारंवार वाहतुकीसाठी बंद केला जातो, त्यामुळे नकाशावर तो जवळचा दिसला तरी चौकशी केल्याशिवाय भोरहून पुढे जाऊ नये. देशावरचा रस्ता म्हणजे हमखास सुरक्षित, असेही समजू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळी पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. सह्याद्रीवर मोठा पाऊस असला की दोन्ही उतारांवरच्या नद्या एकदमच भरतात.

मार्गापेक्षाही महत्त्वाचा भाग मुक्कामांचा आहे. निघण्यापूर्वी कागदावर तीन-चार गावे लिहावीत, उदाहरणार्थ माणगाव, पोलादपूर, खेड आणि संगमेश्वर; आणि प्रत्येकासमोर ‘इथून अमुक वाजेपर्यंत पुढे निघता आले नाही तर इथेच थांबायचे’ अशी वेळ लिहावी. ही वेळ घरी, डोके शांत असताना ठरवलेली असावी. भर पावसात, मागच्या सीटवर मुले कंटाळलेली आणि गावाकडून ‘कुठपर्यंत आलात’ असे फोन येत असताना घेतलेला निर्णय नेहमी ‘अजून थोडे पुढे जाऊ’ असाच असतो. वाटेत कोणतीही पहिली अडचण तासाभराहून अधिक वेळ खाऊन गेली, तर तो वेळ भरून काढण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. त्या दिवशीचा शेवटचा टप्पा रद्द करावा आणि गावी तसे कळवून टाकावे. साखळी तुटते ती इथे. मूर्तीची प्रतिष्ठापना चुकेल ही काळजी मी समजू शकतो, आणि म्हणूनच एक दिवस आधी निघावे असा माझा आग्रह आहे.

गाडीत काय हवे

टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी असा नियम आहे, परंतु पावसासाठी ही मर्यादा अगदी काठावरची समजावी. झिजलेला टायर पाणी बाजूला सारू शकत नाही आणि वेगात असलेली गाडी पाण्याच्या थरावर तरंगू लागते, तेव्हा ना स्टिअरिंग ऐकते ना ब्रेक. वायपरचे रबर नवे असावे. विजेरी, दोरखंड, कोरडे कपडे, पिण्याचे पाणी, दोन वेळचे कोरडे खाणे, नेहमीची औषधे, भरलेली पॉवर बँक आणि रोख पैसे जवळ ठेवावेत. वीज गेली की एटीएम, पेट्रोल पंप आणि मोबाइलचे मनोरे एकापाठोपाठ थंडावतात. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये.

स्टेपनीत हवा आहे का हे पाहणारे पुष्कळ असतात, पण चाकाचे नट आपल्या पान्याने सैल होतात का, हे फार थोडे जण पाहतात. गॅरेजमध्ये यंत्राने आवळलेले नट हाताच्या पान्याला दाद देत नाहीत. अलॉय चाकांना चोरी टाळण्यासाठी वेगळा नट असेल, तर त्याची किल्ली गाडीत आहे ना, हेही घरीच तपासावे.

पावसात चाक बदलताना

हे काम बारकाईने सांगायला हवे, कारण पुढची सगळी गडबड बहुतेक इथूनच सुरू होते. टायर फुटल्याचे कळताच जोरात ब्रेक न दाबता वेग कमी करावा आणि वळणावर किंवा उतारावर न थांबता हळूहळू सपाट जागेपर्यंत जावे. एखादी रिंग खराब झाली तरी चालेल. चारही इंडिकेटर लावावेत आणि परावर्तक त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवावा. घाटात मात्र तो वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्याला वळण घेण्यापूर्वीच दिसेल असा ठेवावा. माणसांना गाडीतून उतरवून रस्त्याच्या कडेला दूर उभे करावे, परंतु डोंगराच्या कापलेल्या कडेखाली नव्हे.

हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये टाकून, तिरक्या समोरच्या चाकाला दगडाची उटी लावावी. नट गाडी उचलण्यापूर्वीच, चाक जमिनीवर असताना, अर्धा फेरा सैल करावेत. कोकणातली तांबडी माती भिजली की जॅक तिच्यात रुततो आणि गाडी कलते, म्हणून पोळपाटाएवढी जाड फळी डिकीत असावी आणि जॅक तिच्यावर ठेवावा. गाडी उचललेली असताना अंगाचा कोणताही भाग तिच्याखाली घालू नये. चाक बसवल्यावर नट समोरासमोर या क्रमाने आवळावेत, गाडी खाली उतरवून पुन्हा आवळावेत आणि काही किलोमीटर गेल्यावर थांबून परत एकदा पाना लावून पाहावा. स्टेपनी मूळ चाकाहून बारीक असेल तर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा पाळावी. यानंतर पहिल्या उघड्या दुकानात पंक्चर काढून घ्यावे, कारण स्टेपनीशिवायचा पुढचा प्रत्येक खड्डा प्रवास संपवू शकतो.

धुके, दरड आणि वाहते पाणी

धुक्यात हेडलाइट खाली पाडून ठेवावेत. वर केलेला प्रकाश धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची सवय मात्र सोडावी, कारण त्यामुळे आपण थांबलो आहोत की वळतो आहोत, हे मागच्याला कळत नाही. काचेवर आतून वाफ धरली तर एसी लावून हवा काचेवर सोडावी. कशेडीच्या बोगद्यामुळे जुन्या घाटातली वळणे टळतात, तरी बोगद्यातून बाहेर पडताना धुके आणि सर एकदम अंगावर येऊ शकते, म्हणून तोंडाशी येण्यापूर्वीच वेग उतरवावा. उतारावर खालच्या गिअरमध्ये राहावे आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी.

दरड कोसळण्यापूर्वी पुष्कळदा खुणा दिसतात. डोंगरावरून येणारे स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणे, बारीक दगड रस्त्यावर येऊन पडत राहणे, झाडे किंवा विजेचे खांब कललेले दिसणे, रस्त्याला नव्या भेगा पडणे, यांपैकी एक जरी दिसले तरी तिथे क्षणभरही थांबू नये. छायाचित्रे काढण्यासाठी घाटातल्या धबधब्याखाली गाडी लावणे मला म्हणूनच अक्षम्य वाटते.

वाहत्या पाण्याबद्दल नियम एकच आहे. पूल, साकव किंवा मोरीवरून पाणी जात असेल तर ओलांडू नये, मग ते घोटाभर का दिसेना. पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि अंधारात त्यावर आलेल्या दोन एसटी बस आणि इतर वाहने नदीत गेली. दिवसाउजेडी प्रवास करा, असे मी इतक्या कळकळीने सांगतो त्यामागे ही आठवण आहे. सुमारे फूटभर वाहते पाणी लहान गाडीला ढकलू लागते आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकते.

साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यातून जाणे अपरिहार्यच असेल, तर आधी एखादी आपल्याएवढीच गाडी पार होताना पाहावी. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत पोहोचत असेल तर नाद सोडावा. पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत, न थांबता जावे, म्हणजे पुढे लाट उसळत नाही. बाहेर पडल्यावर हलके ब्रेक दाबत ते कोरडे करावेत. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. हवा ओढण्याच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असते, पाणी दाबले जात नाही, आणि स्टार्टर फिरवताच कनेक्टिंग रॉड वाकतात. माणसांना बाहेर काढावे, छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी ओढूनच गॅरेजला न्यावी. असे नुकसान भरून मिळण्यासाठी बहुधा इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली असावी लागते.

रस्ता पुढे बंद आहे असे कळले, तर नकाशा दाखवील त्या आडवाटेला लागू नये. जवळच्या एसटी आगारात किंवा स्थानकाच्या नियंत्रण कक्षात चौकशी करावी. आपल्या मार्गावरच्या गाड्या कोठून माघारी वळत आहेत, हे तिथे कळते. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही तातडीसाठी ११२ हे क्रमांक कागदावर लिहून ठेवावेत.

गावी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळलेले असण्याची शक्यता आहे आणि मेकॅनिकने पाहिल्याशिवाय इंजिन चालू करू नये. पायाखालचे गालिचे काढून वाळवावेत, चाकांचे नट पुन्हा तपासावेत, आणि फुटलेल्या टायरची सोय झाल्याशिवाय परतीची तारीख ठरवू नये.